मध्ये रविवार नव्हता

“मॅडम, ‘कृष्णा-४१’ हे नाव तुम्हाला आठवतंय का?”

पद्मजा आवटी रक्ताच्या नळ्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होती. तिचा हात थांबला. मिरजेतल्या तिच्या तपासणी केंद्रात रोज कुणी ना कुणी डॉक्टर यायचे, पण हे नाव तिने एकतीस वर्षांत कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं.

“आठवतं,” ती म्हणाली. “पण ते खोटं निघालं होतं.”

“माहितीये. निबंध मागे घेतला गेला, तेही वाचलंय. तरी पाच मिनिटं बसू का?”

डॉ. इरफान जमादार त्याचं नाव. गावातल्या एका मोठ्या इस्पितळात तो फाज-उपचारांचा विभाग सांभाळत होता. वय पस्तिशीच्या आसपास, दाढी वाढलेली, डोळे जागरणाने लाल.

फाज म्हणजे जिवाणूंना खाणारे विषाणू. माणसाला ते काही करत नाहीत. पण ज्या जातीच्या जिवाणूशी एखाद्या फाजचं जुळतं, त्याचा तो फडशा पाडतो. २०३७ सालापर्यंत बहुतेक अँटिबायोटिक्स बोथट झाली होती आणि डॉक्टरांची भिस्त फाजवर आली होती. आता तर फाज बर्फात जपून ठेवायचीही गरज उरली नव्हती. त्याची जनुकं म्हणजे A, C, G आणि T या चार अक्षरांत लिहिलेला एक लांबलचक मजकूर. तो फाईलमध्ये असला की छपाईयंत्र कण कण जोडून हुबेहूब तसाच डीएनए तयार करायचं. जिवाणूंच्या अर्कात तो सोडला की काही तासांत त्यातून जिवंत फाज बाहेर पडायचे. अट एकच होती. मजकूर अचूक हवा. लाखभर अक्षरांत पाच-सात मोक्याची अक्षरं चुकली की हाती यायचा तो नुसता मेलेला चुरा.

“सुरेखा ऐवळे म्हणून पेशंट आहे,” इरफान सांगू लागला. “बत्तीस वर्षांची. एसटीत कंडक्टर. बसच्या पायरीचा पत्रा पोटरीत घुसला आणि जखम चिघळली. आमच्या भांडारातले अकराशे फाज लावून बघितले, एकही लागू पडत नाही. परवा सकाळी पाय मांडीपासून काढायचं ठरलंय. त्यानंतरही वाचेल याची खात्री नाही. जुळणी करणाऱ्या प्रोग्रॅमने तुमच्या मगदूम सरांचा २००६ सालचा निबंध शोधून दिला. त्यातला जिवाणू आणि सुरेखाच्या पायातला जिवाणू अगदी सख्खे भाऊ आहेत. सरांनी त्या वेळी जागतिक भांडारात पाठवलेला मजकूर मी छापून बघितला. मेलेला निघाला.”

“निघणारच.”

“मूळ फाईल कुठे असेल?”

“असली तर सरांच्याच घरी, बेडगला. संस्था सोडताना त्यांनी तेवढा कॉम्प्युटर मागून घेतला होता. नमुने केव्हाच गेले. त्यांची शीतपेटी कुणीतरी बंद करून टाकली.”

“मग चला माझ्याबरोबर. निबंधावर त्यांच्याखाली तुमचंच नाव आहे.”

पद्मजाने चिठ्ठ्यांचा गठ्ठा बाजूला ठेवला. “डॉक्टर, मी आले तर ते दार उघडणार नाहीत. त्यांच्याविरुद्ध चौकशी समितीपुढे साक्ष मीच दिली होती.”

ते खरंच होतं. डॉ. नेमिनाथ मगदूम यांनी सात वर्षं कृष्णेच्या घाटाखालचे नाले धुंडाळून साठ फाज गोळा केले होते. सव्वीस वर्षांची पद्मजा त्यांची प्रयोगशाळा-सहायक होती. निबंध छापून आला, परदेशातल्या लोकांनी भांडारातला मजकूर निबंधातल्याशी ताडून पाहिला आणि तो जुळेना. समिती आली. तिने कॉम्प्युटरवरून प्रत घेतली, तर ती सरांनी पाठवलेल्या प्रतीपेक्षा वेगळी! मग पद्मजाला बोलावलं. तिने पाहिलं होतं तेवढंच सांगितलं: मी शनिवारी एक प्रत घेतली आणि सोमवारी दुसरी. दोन्ही वेगळ्या निघाल्या. मध्ये रविवार होता. रविवारी प्रयोगशाळेत सर एकटेच होते.

या तीन-चार वाक्यांवर एका माणसाची नोकरी, नाव, सगळं गेलं. पद्मजा खोटं बोलली नव्हती. म्हणूनच तिला कधी पश्चात्ताप झाला नव्हता. झाला होता तो राग. ज्या माणसाला आपण गुरू मानलं त्याने आपल्या पाठीमागे आकडे फिरवले, हा राग.

“तुम्ही आधी सुरेखाला भेटा,” इरफान म्हणाला, “मग काय ते ठरवा.”

सुरेखा तापाने फणफणली होती, तरी डोळे जागे होते. पायावरच्या चादरीला आतून पिंजऱ्यासारखा आधार दिला होता. कोपऱ्यात तिची आई स्टुलावर बसली होती.

“आनी एक डागदर?” सुरेखाने विचारलं.

“डॉक्टर नाही मी. रक्त तपासते.”

“तपासा बाई. हाय तवर तपासून घ्या.” ती क्षीण हसली. “ऑपरेशनचं काय न्हाई हो. पर एका पायावं गाडीत तिकिटं कशी फाडू, त्येवढं कुनी सांगंना.”

बाहेर आल्यावर पद्मजा म्हणाली, “गाडी काढा.”

*

बेडगच्या पानमळ्यांतून वाट काढत गाडी मगदूमांच्या घरासमोर थांबली तेव्हा दहा वाजून गेले होते. दार सुशीलाकाकूंनी उघडलं. त्यांनी इरफानकडे पाहिलं, मग पद्मजाकडे, आणि चेहरा न बदलता आत हाक मारली, “अहो, आवटी आल्यात.”

सर खिडकीपाशी आरामखुर्चीत होते. एकोणऐंशी वर्षांचे, वाळून काटकुळे झालेले.

“या, आवटी बाई,” ते म्हणाले.

एकेकाळी ते तिला ‘पद्मा’ म्हणत. ‘पद्मा, चहा घे गं आधी, मग ती थाळी बघ.’ त्या ‘बाई’ने पद्मजाला जे लागायचं ते लागलं. इरफाननेच सगळं सांगितलं.

“फाईल आहे,” सर म्हणाले. “पण तिच्यावर भरवसा ठेवू नका. मी स्वतः ठेवत नाही. समितीने विचारलं, मी नाही म्हणालो. पुढे पुढे मलाच वाटायला लागलं, की आपणच काहीतरी बदललं असेल आणि आता आठवत नसेल. माणसाच्या मनाचं काय सांगावं? त्यानंतर मी ते यंत्र लावलंच नाही.”

मागच्या खोलीत टेबलावर चादरीखाली ते यंत्र होतं. पिवळं पडलेलं खोकं, पोट सुटलेला मॉनिटर. २००६ मध्येसुद्धा ते जुनंच होतं. इरफानने धूळ पुसली, वायरी तपासल्या आणि बटण दाबलं. काहीच नाही. दुसऱ्यांदा आतून नुसतं गुरगुरणं. तिसऱ्या खेपेला डिस्क कण्हत, खरखरत फिरू लागली आणि मागच्या शतकातली ती ऑपरेटिंग सिस्टीम पडद्यावर उमटली.

“आता हे बंद करायचं नाही,” इरफान दबक्या आवाजात म्हणाला. “ही डिस्क पुन्हा फिरेलच असं नाही.”

साठही फाज सरांनी एकाच भल्यामोठ्या फाईलमध्ये ठेवले होते. नवे पेन ड्राइव्ह यंत्र ओळखेना. इस्पितळाच्या अडगळीतून आणलेला एक जुना, दोन जीबीचा तेवढा त्याने मानला. कॉपी सुरू झाली. पडद्यावर एका फोल्डरमधून दुसऱ्याकडे कागद उडत जाऊ लागले. वीस मिनिटांनी काम पूर्ण. यंत्राने एकही चूक दाखवली नाही.

इरफानने टॅबलेटवर ‘कृष्णा-४१’ काढून भांडारातल्या प्रतीशी ताडला. “एक लाख अडुसष्ट हजार अक्षरांत बारा ठिकाणी फरक! म्हणजे ही वेगळी प्रत आहे. चला, छापायला पाठवतो.”

“थांबा,” पद्मजा म्हणाली. “अजून एक प्रत घ्या.”

“कशाला?”

“आम्ही रक्ताचा कुठलाही गंभीर रिपोर्ट एकदाच तपासून देत नाही.”

आणखी वीस मिनिटं कागद उडत राहिले. सर दारात येऊन काठीवर रेलून उभे होते. इरफानने दुसरी प्रत पहिलीशी ताडली आणि त्याच्या कपाळावर आठी पडली. त्याने पुन्हा ताडली.

“अकरा फरक,” तो म्हणाला. “मॅडम, ही फाईल मघापेक्षा वेगळी आहे.”

खोलीत डिस्कचा खरखराट तेवढा ऐकू येत होता. पद्मजाने कीबोर्डकडे पाहिलं. त्याला कुणीही हात लावला नव्हता. सरांचे दोन्ही हात काठीच्या मुठीवर होते. तिघंही इथेच, एकमेकांच्या डोळ्यांसमोर होते.

या वेळी मध्ये रविवार नव्हता.

ती सरांकडे वळली.

“सर,” ती म्हणाली.

सर तिच्याकडे पाहत नव्हते, पडद्याकडे पाहत होते. “आधी त्या मुलीचं बघा,” ते म्हणाले. “आपलं नंतर.”

*

इरफानने केबल बदलली, पेन ड्राइव्ह दुसऱ्या खाचेत लावला. तिसरी प्रतही वेगळीच आली. त्याला खोकं उघडून आत पाहायचं होतं, पण त्यासाठी यंत्र बंद करावं लागणार होतं. बंद केलं आणि डिस्क पुन्हा फिरलीच नाही, तर सगळंच संपलं. बरं, न उघडावं तर कुठली प्रत खरी कळणार कसं? त्याने दोनदा बटणाकडे हात नेला आणि दोनदा मागे घेतला.

पद्मजाने मात्र कागद-पेन घेतलं होतं. आयुष्यभर रिपोर्ट वाचलेली बाई ती. पडद्यापेक्षा कागदावर तिला लवकर दिसायचं. तिन्ही प्रतींतले फरक तिने एकाखाली एक लिहून काढले. एकीत A, तर दुसरीत C. पुन्हा A आणि C. मग T आणि V. पुन्हा T आणि V.

“हे V इथे कुठून आलं?” ती पुटपुटली.

“ते चालतं की,” इरफान म्हणाला. “अक्षर नक्की वाचता आलं नाही तर खुणेची अक्षरं वापरतात ना. V म्हणजे A, C, G यांपैकी काहीही, पण T नाही. समितीच्या लोकांनाही त्यात काही वावगं वाटलं नसणार.”

“मला माहितीये V म्हणजे काय. पण सर V लिहीत नाहीत.” तिने मान वर केली. “शंका आली की सर फक्त N लिहायचे. अक्षर माहीत नाही तर माहीत नाही म्हणा, अर्धवट अंदाज नकोत, असं मला शंभरदा ऐकवलंय. सात वर्षांत एकही V त्यांनी लिहिलेला नाही. आणि बघा ना, ‘T नाही’ ही खूण नेमकी तिथेच आहे जिथे दुसऱ्या प्रतीत T आहे! असं लबाडी करणारासुद्धा करणार नाही. हे माणसाचं काम नव्हे, डॉक्टर.”

इरफानने कागद ओढून घेतला. “C बिघडलाय कुठे? किंवा G?”

“एकही नाही. फक्त A आणि T.”

मग पेन घेऊन त्याने कागदाच्या कडेला आकडे लिहिले. कॉम्प्युटर प्रत्येक अक्षर शून्य आणि एकच्या आठ घरांत ठेवतो, त्याने समजावून सांगितलं. A म्हणजे 01000001 आणि C म्हणजे 01000011. फरक फक्त उजवीकडून दुसऱ्या घराचा. शून्याच्या जागी एक. T म्हणजे 01010100, V म्हणजे 01010110. फरक पुन्हा त्याच घराचा. C आणि G मध्ये त्या घरात आधीपासूनच एक असतो, म्हणून त्यांना धक्का लागत नाही.

“रॅम!” तो जवळजवळ ओरडलाच. “डिस्कवरून निघालेला मजकूर पेन ड्राइव्हवर जाण्याआधी क्षणभर रॅममध्ये, यंत्राच्या तात्पुरत्या स्मृतीत उतरतो. तिथली काही घरं अधू आहेत. यंत्र तापलं की त्यातल्या शून्याचा एक होतो. छोट्या फाईली त्या जागेपर्यंत पोचतच नाहीत, म्हणून एरवी सगळं ठीक वाटतं. एवढी मोठी फाईल गेली की चूक होते आणि दर वेळी वेगळ्या अक्षरावर होते. यंत्राला स्वतःला पत्ताच नाही! डिस्कवरचं मूळ शाबूत असणार. बिघडतात त्या प्रती.”

“मग उघडायची गरजच नाही,” पद्मजा म्हणाली. “शून्याचा एक होतो, एकाचा शून्य होत नाही ना? मग जिथे A आणि C दोन्ही दिसतील तिथे A खरा. T आणि V असतील तिथे T खरा. जितक्या निघतील तितक्या प्रती काढा आणि एकमेकींवरून दुरुस्त करा.”

दुपारभर कागद उडत राहिले. पाचव्या प्रतीच्या वेळी डिस्क टकटक करू लागली. सहाव्या वेळी पंखा अडखळला; पद्मजाने घरातला टेबलफॅन आणून खोक्यासमोर धरला. सातवी प्रत पूर्ण झाली. आठवी अर्ध्यावर असताना उडता कागद जागच्या जागी थांबला, पडदा निळा झाला आणि आतली खरखर बंद पडली. सरांनी मुकाट्याने भिंतीवरचं बटण बंद केलं.

इरफानने सातही प्रती एकत्र ताडल्या. दुरुस्त झालेल्या मजकुरात त्याने एकच गोष्ट शोधली. V. डिस्कवरचं मूळच बिघडलेलं असतं, तर तिथे V सापडले असते.

“एक लाख अडुसष्ट हजार अक्षरं,” तो म्हणाला. “एकही V नाही.”

दारातून सरांचा आवाज आला. “म्हणजे मी नव्हतो.”

“नाही, सर,” पद्मजा म्हणाली. “तुम्ही नव्हता.”

ते हळूच खाटेच्या कडेवर बसले आणि त्यांनी चष्मा काढून हातात धरला. रडले नाहीत. लांबून चालत आलेला माणूस ओझं खाली ठेवून दम खातो, तसे श्वास घेत राहिले.

*

दुसऱ्या दिवशी दुपारी चार वाजता इस्पितळाच्या प्रयोगशाळेत इरफान आणि पद्मजा एका काचेच्या थाळीवर वाकले होते. सुरेखाच्या जखमेतले जिवाणू थाळीभर दुधी सायीसारखे पसरले होते. सकाळी त्यांच्यावर रात्रीतून छापलेल्या नव्या फाजचे थेंब टाकले होते. आता जिथे जिथे थेंब पडला होता तिथे वाटोळं, लख्ख, काचेसारखं पारदर्शक भोक दिसत होतं. त्या गोलात एकही जिवाणू जिवंत नव्हता.

इरफान स्टुलावर मटकन बसला. “अल्लाह!” एवढंच म्हणाला आणि लगेच उठून ऑपरेशन पुढे ढकलायला धावला.

सुरेखाला पहिला डोस संध्याकाळी दिला. तिसऱ्या दिवशी ताप उतरला. पाचव्या दिवशी जखमेच्या कडा गुलाबी दिसू लागल्या आणि सर्जनने तिच्या कागदांवरचं ऑपरेशन खोडून टाकलं. जखम भरायला दोन महिने लागणार होते, एक-दोनदा कातडं लावावं लागणार होतं. पण पाय राहणार होता.

त्या दिवशी पद्मजा एकटीच बेडगला गेली. तिच्या पर्समध्ये चार पानांचं पत्र होतं: निबंध मागे घ्यायला लावणाऱ्या संस्थेला आणि तो छापणाऱ्या नियतकालिकाला. त्यात सातही प्रतींतले फरक होते, शून्य-एकचा हिशेब होता आणि शेवटी लिहिलं होतं, की माझ्या साक्षीत मी पाहिलं ते खरं सांगितलं, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा होता, आणि तो काढायला मीच मदत केली.

सरांनी पत्र शेवटपर्यंत वाचलं. एका ठिकाणी पेनने स्वल्पविराम दिला.

“सर, मी माफी कशी मागू तेच कळत नाही. एकतीस वर्षं झाली.”

“झाली खरी,” सर म्हणाले. “काहीच वाटलं नाही असं म्हणालो तर ते खोटं होईल. पुष्कळ वर्षं तुझं नाव घेतलं की माझा घास अडकायचा. पण पद्मा, तू पाहिलंस तेच सांगितलंस. तुझ्या जागी मी असतो तर मीसुद्धा तेच सांगितलं असतं. मीच तर शिकवलं होतं तुला.”

‘पद्मा’ ऐकताच तिचे डोळे भरून आले. ते दिसू नयेत म्हणून तिने पत्राची घडी घालायला घेतली, ती काही नीट बसेना.

“सुशीलाची मात्र इतक्यात माफी मागू नकोस,” सर आवाज खाली आणून म्हणाले. “तिला अजून चार दिवस रागावू दे. इतक्या वर्षांची सवय आहे, एकदम सोडवणार नाही.”

“मला ऐकू येतं सगळं,” स्वयंपाकघरातून आवाज आला. “आणि आवटीला विचारा, जेवून जाणार आहे का. भाकरी थापतेय मी.”

तेवढ्यात पद्मजाचा फोन वाजला. पडद्यावर इरफान होता आणि त्याच्यामागे उशीला टेकून बसलेली सुरेखा. “हिला सरांशी बोलायचंय,” तो म्हणाला. पद्मजाने फोन सरांच्या हातात दिला.

“नमस्कार, आजोबा,” सुरेखा म्हणाली. “तुमीच का ते? माझ्या पायातलं किडं खानारं किडं तुमीच हुडकलासा म्हनं.”

“हो, मीच. कसं वाटतंय?”

“झ्याक. पर येक सांगा, कुटं गावलं ते तुमाला?”

सर जरा घुटमळले. “मिरजेत. घाटाच्या खाली एक नाला आहे, तिथल्या पाण्यात.”

“नाला म्हंजी गटार?”

“तसं म्हणता येईल.”

“आगं आई गं! गटारातलं घातलंय व्हय माझ्या अंगात!”

सरांना हसू फुटलं. आधी खांदे हलले, मग ते मोठ्यांदा हसले. इतके हसले की ठसका लागला आणि काकू पिठाच्या हातांनीच बाहेर धावत आल्या. त्यांना हाताने थांबवत, डोळे पुसत सरांनी फोन जवळ घेतला.

“ते राहू द्या,” ते म्हणाले. “पाय कसा आहे, ते सांगा आधी.”

“हाय की जाग्यावर,” सुरेखा म्हणाली. “हलवून दावू?”